निशिगंधात झेंडू

बारामतीच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत बिरदेव मारकडचं अत्तराचं दुकान होतं. दुकान कसलं, चार हात रुंदीचा बोळच तो. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागे. तरी लग्नसराईत इंदापूरपासून फलटणपर्यंतची माणसं तिथं खोळंबून उभी राहायची, कारण बिरदेवचं नाक. त्याचा बाप कळसच्या माळावर मेंढरं राखायचा. एखादं मेंढरू आजारी पडणार असलं तर म्हातारा आदल्या दिवशीच वासावरनं ओळखतो, असं लोक सांगत. तेच नाक पोराला आलं होतं. पोरानं ते मेंढरांत न घालवता इनूसचाचा अत्तारांच्या दुकानात आणून लावलं. चाचांना मूलबाळ नव्हतं. ते गेले तेव्हा दुकान बिरदेवकडंच राहिलं.

तयार अत्तरं विकणारे गावोगाव असतात. बिरदेव मिसळून द्यायचा. चाचांनी त्याला शिकवलं होतं, "गोडाशेजारी गोड बसवलं की दोन्ही झोपून जातात. गोडाला भांडायला कुणीतरी द्यावं लागतं." म्हणून तो मोगऱ्यात वाळा घालायचा, गुलाबात हिना. गिऱ्हाईक हाताच्या पाठीवर लावलेला थेंब हुंगायचं, डोळे मिटायचं आणि काही न बोलता पाकिटाला हात घालायचं.

पण गेली काही वर्षं त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. त्याला निशिगंधात झेंडू बसवायचा होता. निशिगंध म्हणजे सायीसारखा दाट, संध्याकाळी अंगावर येणारा गोडवा. झेंडू कडवट, हिरवा, चुरगळलेल्या पानासारखा, एकदा बोटाला लागला की धुऊनही न जाणारा. बायको सिंधुबाई म्हणायची, "झेंडू दाराला बरा. अंगाला कोण लावंल?" तरी त्यानं कनौजहून झेंडूचं अत्तर मागवलं, चंदनाच्या तेलात दोन्ही थेंबाथेंबानं मिसळून पाहिलं. कधी झेंडू निशिगंधाला गिळायचा आणि कुपीतून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या तोरणाचा वास यायचा. कधी निशिगंध वर चढायचा आणि झेंडू होता की नव्हता हेच कळायचं नाही. दोघांच्या मध्ये काहीतरी हवं होतं. ते काय, हे त्याला सापडत नव्हतं.

ते त्याला सापडलं ते बहिणीच्या दारात.

बनाबाई त्याची थोरली बहीण, कळसमध्येच दिलेली. तो तिला आक्का म्हणायचा. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तिला दोन मुलगे, रामहरी आणि नवनाथ. त्र्याण्णव सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, रामहरी विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच पडला. पंचविशीचा, लग्नाचा पोरगा. शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला तेव्हा बिरदेव कुप्या पुसत होता. तो होता तसाच एसटीत बसला.

कळसला पोचला तेव्हा सगळी तयारी झाली होती. ओढ्याकाठचा ओला कळक तोडून तिरडी बांधली होती. हिरव्या बांबूच्या कापलेल्या टोकांतून अजून पाणी झिरपत होतं. मामा आला म्हणून माणसं बाजूला झाली. कुणीतरी त्याच्या हातात हार दिला, निशिगंधाचा, मधूनमधून झेंडू ओवलेला. तो वाकला, भाच्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्याच्या नाकात वास शिरला.

निशिगंध, झेंडू, आणि दोघांच्या मधोमध ओला कळक. कच्चा, पाणीदार, हिरवा वास. त्या वासानं झेंडूचा कडवटपणा निशिगंधापर्यंत नेऊन सोडला होता, जणू एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिला होता.

बिरदेव उठून उभा राहिला. आणि मग तो पुन्हा वाकला. पहिल्यांदा वास आपण होऊन आला होता. दुसऱ्यांदा तो घ्यायला वाकला, रामहरीच्या कानाशी तोंड नेऊन, डोळे मिटून, दुकानात घ्यायचा तसा सावकाश. आतून बायकांचा आक्रोश येत होता, तो त्याला त्या घटकेला ऐकूही आला नाही. खांदा देऊन ओढ्याकडं चालतानाही त्याच्या मनात हिशेब चालला होता, कळकाचा वास कशातून काढावा. वाळ्यातून निघेल? की मुंबईच्या व्यापाऱ्याकडं ओल्या गवताचा एक अर्क मिळतो, तो चालेल? चिता पेटल्यावर तो भानावर आला आणि ढसाढसा रडला. लोकांनी त्याला धरलं, मामाचा जीव होता म्हणाले. त्याला वाटलं, आपल्याला धरलेले हात झटकून टाकावेत.

पुढं कित्येक दिवस त्यानं त्या कुप्यांना हात लावला नाही. मग एके दुपारी लावला. नुसतं बघू या, जमतंय का, असं स्वतःला सांगितलं. गवताचा अर्क काडीच्या टोकानं घातला आणि पहिल्याच खेपेला ते जमलं. इतकं जमलं की तो दुकानाची फळी ओढून अंधारात हात हुंगत बसला. सिंधुबाईला त्यानं एवढंच सांगितलं की झेंडू बसला. कुठं बसला, कसा बसला, हे काही बोलला नाही.

अत्तर चांगलंच उठलं. त्याला नाव नव्हतं, लोक 'बिरदेवचं नवं' म्हणून मागायचे. सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब एकदा लावून गेले आणि पुन्हा माणूस पाठवला. लोणी देवकरला नवीन निघालेल्या उदबत्तीच्या कारखान्यातला एक माणूस नमुना घेऊन गेला. वर्षभर मनगटावर घासून घासून बिरदेवच्या नाकाला तो रामहरीच्या अंगावरचा वास राहिलाच नव्हता. तो त्याचा स्वतःचा झाला होता.

रामहरीचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या वैशाखात नवनाथचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला नवनाथ दुकानात आला.

"मामा, अत्तराचं तुमच्याकडं," तो म्हणाला. "पण ते नवं पायजे. बारामतीत सगळी त्येचंच नाव घेत्यात."

"लग्नाला गुलाब बरा की रं," बिरदेव म्हणाला.

"गुलाब काय, सगळीच लावत्यात. बापूसाहेब येणार हायत लग्नाला. मामाचं अत्तर म्हणून सांगता येईल."

बिरदेवनं तिथंच नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. सगळ्या भावकीसमोर, जी अजून त्याला 'मेंढरं सोडून बाटल्या इकणारा' म्हणायची, तिच्यासमोर आपलं सगळ्यात उंच काम ठेवायची त्याला हाव सुटली. लोकांची नाकं कुठं आपल्यासारखी असतात, असंही त्याच्या मनात आलं. आणि ती मोठी कुपी पिशवीत घालून तो लग्नाला गेला.

लग्न कळसलाच, नवऱ्या मुलाच्या दारी होतं. वैशाखाचं ऊन, कापडी मांडव तापून निघालेला. सिंधुबाई नवीन लुगडं नेसून मांडवाच्या तोंडाशी अत्तरदाणी घेऊन उभी राहिली आणि येईल त्याच्या हाताच्या पाठीवर बोट टेकवू लागली. सगळ्यात आधी, मानाचं म्हणून, तिनं आत जाऊन आक्काच्या हाताला लावलं. आईनं अक्षता बघायच्या नसतात, म्हणून आक्का आत होती. बिरदेव मामा म्हणून नवरदेवाच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली.

घामानं ओल्या झालेल्या शेकडो हातांवरून तो वास हळूहळू उठला आणि कापडाखाली साचला. सगळ्यात आधी दत्तोबा तात्यांच्या लक्षात आलं. ते बिरदेवच्या बापाचे चुलतभाऊ, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी हात हुंगला. मग मान वळवून घराच्या उंबऱ्यासमोरच्या जागेकडं पाहिलं, जिथं दीड वर्षापूर्वी तिरडी ठेवली होती. आणि दुखवट्याला काढतात तसा म्हाताऱ्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

भर लग्नात फेटा उतरवलेला माणूस दिसल्यावर शेजारच्यांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग आपापला हात नाकाशी नेला. ते बघणं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. भटजींचा आवाज तेवढा चालू होता. नवनाथनं अंतरपाटासमोर उभ्या उभ्याच मान थोडी मागं केली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "दाद्याला नेला तवाचा वास येतोय."

बिरदेवला वाटलं, आता पायाखालची जमीन फाटावी. त्यानं भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हातही त्याला उचलून घ्यावासा वाटला, कारण त्याच हाताला सगळ्यात जास्त अत्तर लागलेलं होतं. अक्षता पडल्या तशी माणसं एकेक करून पाण्याच्या पिपाकडं गेली. जेवणाआधी हात धुतातच, तसेच धूत होती, पण पालथे हात चोळचोळून धूत होती, आणि धुऊन झाल्यावर पुन्हा हुंगत होती. मांडवाच्या तोंडाशी सिंधुबाई अजून उशिरा येणाऱ्यांना अत्तर लावत होती. एका बाईनं हात मागं ओढून घेतला आणि तिच्या कानात काही सांगितलं. सिंधुबाईनं अत्तरदाणी पदराखाली झाकली आणि नवऱ्याकडं पाहिलं. बापूसाहेब तेवढे काही न कळल्यासारखे म्हणाले, "बिरदेवराव, वास झकास हाय." ते शब्द त्याला चटका बसावा तसे बसले.

आक्का त्याला परसात सापडली. गुरांच्या हौदाशी बसून ती चुलीतली राख घेऊन हात घासत होती. हाताची पाठ लाल झाली होती. तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"बिरदेवा, हे कुठलं?"

ज्या अत्तरासाठी तो वर्षानुवर्षं झुरला, जे आपण केलं हे सांगायला तो पिशवीत घालून घेऊन आला होता, त्याच्याबद्दल तो चटकन म्हणाला, "पुण्याहून आणलंय आक्का. तयारच मिळालं."

"तयार मिळालं व्हय," आक्का म्हणाली, आणि पुन्हा राख घेतली.

परतताना एसटीत सिंधुबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. परसातलं ते बोलणं तिच्या कानावर आलं होतं. भिगवण रोड मागं पडल्यावर ती म्हणाली, "पुण्याहून कवा आणलं आपण?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं, हार घालायला वाकल्यापासून. तिनं ऐकून घेतलं.

"मला आधी सांगितलं असतं तर मी ते दारात उभं राहून लावलं नसतं," ती म्हणाली. "माझ्या हातानं तुमच्या बहिणीला लावलं की ओ."

त्यानंतर कुणी नवं मागितलं की बिरदेव संपलं म्हणायचा. घरात सिंधुबाईला त्यानं सांगितलं, कालव्यात ओतलं. ओतलं नव्हतं. दोनदा तो नीरेच्या कालव्यापर्यंत जाऊन परत आला होता. त्याच्या हातून इतकं चांगलं काही पुन्हा होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनही ते टाकवत नाही, याची त्याला जास्त लाज वाटे. कुपी त्यानं दुकानातल्या ट्रंकेत बापाच्या घोंगडीत गुंडाळून ठेवली. लोणी देवकरचा माणूस येऊन बसायचा, गणपतीला नवीन उदबत्ती काढायची म्हणायचा. बिरदेव त्याला हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

श्रावणात एका बाजाराच्या दिवशी आक्का दुकानात आली. आजवर ती एकटी कधी आली नव्हती.

"बस की आक्का. चा सांगतो."

"चा नगं. ते अत्तर दाव."

"संपलं ते."

"बिरदेवा," ती म्हणाली. एवढंच.

त्यानं ट्रंक उघडली. घोंगडी सोडवली. कुपी तिच्या हातात दिली तेव्हा त्याला तिच्याकडं बघवेना. तिनं ती उघडली नाही, नुसती मांडीवर धरली.

"हे पुण्याचं न्हाय."

"न्हाय."

"तू केलंस."

"व्हय."

"आन् वास तितंच घेतलास. माझ्या दारात."

त्यानं मान हलवली. बाहेर शेजारचा तांबट भांड्याला ठोके देत होता. आक्का ते थांबण्याची वाट पाहत असल्यासारखी बसली होती. मग बोलू लागली, सावकाश, त्याच्याकडं न बघता.

"त्या दिशी बायकांनी मला धरलं हुतं. मी दारातनं बघत हुते. तू हार घातलास, उठलास, आन् परत वाकलास. त्येच्या कानापाशी. मला वाटलं, मामानं भाच्याला जाताना काय तरी सांगितलं. रात रात मी त्येच धरून बसायचे. काय म्हणला असंल? आयची काळजी करू नगं म्हणला असंल. न्हाय तर, नवनाथाला मी बघतो म्हणला असंल. इचारावं वाटायचं तुला. पण म्हटलं, मामा-भाच्याची गोष्ट हाय, आपण कशाला इचारायचं." ती थांबली. "आता इचारते. काय सांगितलंस त्येला?"

एक वाक्य पुरलं असतं. चार-दोन वाक्यं त्याच्या जिभेवर येऊनही गेली, आणि प्रत्येक चांगलं होतं, तिला घरी नेता येण्यासारखं होतं. पण परसातल्या हौदापाशी बोललेलं खोटं अजून त्याच्या घशात होतं. त्याच्यावर दुसरं ठेवता येईना.

"काय न्हाय बोललो आक्का. वास घेत हुतो."

आक्कानं मान डोलावली, जसं बाजारात भाव ऐकून डोलावतात. मग तिनं कुपीचं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली. तो तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. रडेल, शिव्या देईल, कुपी आपटेल. तिनं बूच लावलं.

"चांगलं झालंय रं," ती म्हणाली.

त्यानं त्या बोलण्यात टोमणा शोधला. टोमणा नव्हता.

"ईक. माणसं घेतील," असं म्हणून तिनं कुपी गल्ल्याच्या पेटीवर ठेवली आणि उठली. तो पिशवी घ्यायला पुढं झाला. "आसू दे. जड न्हाय," ती म्हणाली, आणि एसटी स्टँडवर तो सोबत आला तरी सबंध वाटेत तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, त्याला दिली नाही.

घरी आल्यावर त्यानं सिंधुबाईला सांगितलं. कुपी टाकली नव्हती हेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "कुपीचं ऱ्हाऊ द्या. तिला काय तरी सांगायचं की. म्हणायचं, सुखानं जा म्हणलो. तुमचं काय जाणार हुतं?"

"खोटं किती बोलायचं?"

"सोतापुरतं बोलला तवा न्हाय इचारलंत."

रात्री आडवा पडल्यावर तो त्याच गोष्टीभोवती फिरत राहिला. खरं बोललो ते बहिणीसाठी की आपल्या घशातला काटा काढायला? तिच्याकडं पोराचं म्हणून एक काहीतरी उरलं होतं, ते आपण तिच्या हातातून काढून घेतलं, आणि तेही आपल्याला बरं वाटावं म्हणून. आणि बरं तर वाटलंच नाही.

लोणी देवकरचा माणूस पुन्हा आला तेव्हा बिरदेवनं सांगून टाकलं, ते आता होत नाही. कसं मिसळलं ते विसरलो. माणूस हसला, म्हणाला, तुमच्यासारखं नाक असं विसरतं व्हय. बिरदेवनं खाली बघून कुप्या पुसायला घेतल्या. दुकान चालू राहिलं. गुलाब, हिना, मोगऱ्यात वाळा. कुणी नाकाची तारीफ केली की तो विषय बदलायचा.

दिवाळीत भाऊबीजेला जावं की नाही, या विचारात त्याची सकाळची एसटी चुकली. दुपारच्या गाडीनं तो कळसला गेला. घरात नवी सून वावरत होती, नवनाथ दारात भेटला, मामा म्हणून पाया पडला. आक्कानं पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं, सगळं दरवर्षीसारखं. त्यानं ओवाळणी घातली, पाया पडला. "सुखी ऱ्हा," ती म्हणाली. दरवर्षी ती त्याला बसवून घेऊन संध्याकाळपर्यंत बोलायची, आईच्या, माळावरच्या मेंढवाड्याच्या, हरवलेल्या मेंढरांच्या गोष्टी. या वर्षी ती बोलत नव्हती असं नाही. ऊस कधी तुटणार, सुनेच्या माहेरी काय चाललंय, हे बोलत होती. पण ते कुणाशीही बोलावं तसं.

तो जेवायला बसला. ती समोर बसली. सून आत गेल्यावर आक्कानं विचारलं, "इकलंस का ते?"

"न्हाय."

"का रं?"

"मन झालं न्हाय आक्का."

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर त्याला बरं झालं असतं. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"मग केलंस कशाला?" ती म्हणाली.

तो खाली ताटाकडं बघत बसला. निशिगंध, झेंडू, ओला कळक, चाचांची शिकवण, इतकी वर्षं, सगळं त्याच्या मनात एकदम आलं, आणि त्यातलं काहीही बहिणीसमोर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. आक्कानं थोडी वाट पाहिली. मग टोपलीतली एक करंजी उचलून त्याच्या ताटात वाढली.

"खा. तुला आवडतीया," ती म्हणाली.

त्यानं मान वर न करता ती करंजी मोडली आणि खाऊ लागला.